शब्दचर्चा: चांदीची शाई 'भाजायची' की 'वितळवायची'?

मंजिरी: पदविकेच्या मुलांसाठी छापील सर्किटांवरचा मजकूर मराठीत आणतेय. चांदीच्या नॅनोकणांची शाई प्लास्टिकच्या फिल्मवर छापायची आणि १५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायची. कणांवरचं सेंद्रिय आवरण निघून जातं, कण एकमेकांना धरतात आणि रेघेतून वीज वाहू लागते. या सिंटरिंगला मी 'भाजणे' लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी खोडून 'वितळवणे' केलं. चांदी वितळते ९६२ अंशांना! तोवर फिल्म उरेल का?

दत्ता: 'वितळवणे' साफ चूक. मी २२ वर्षं धातूच्या भुकटीचे, तेल पिणारे बुश, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या नळ्या, बनवले. कण वितळत नाहीत, अणू सरकून कणाकणांत सांधा धरतो. पण 'भाजणे'ही पटत नाही. भाजलेले शेंगदाणे सुटेच राहतात.

मंजिरी: काका, मडकंही भाजतातच की! कच्चं पाण्यात विरघळतं, आव्यातून निघालेलं पाणी धरतं. माती काही पातळ होऊन वाहत नाही.

श्रीरंग: 'तापपिंडन' घ्या. ताप आहे, पिंड आहे, अर्थ नेमका.

दत्ता: भट्टीवरच्या पोराच्या तोंडी बसणार नाही. आम्ही 'सिंटर कर' म्हणायचो, कुणाचं अडलं नाही.

श्रीरंग: 'गुरुत्वाकर्षण' बसलंच ना तोंडी? शिकवलं म्हणून बसलं.

रेहाना: मला तर 'शाई'च खटकते. मूळ फारसी 'सियाह', म्हणजे काळा. चांदीची शाई काळी कशी?

मंजिरी: असते, ताई! बाटलीत काळपट तपकिरी दिसते, तापल्यावर चकाकते.

रेहाना: मग तयार थराला 'मुलामा' म्हणा. त्याच्या मुळाशी अरबीतली चमकच आहे. माझे आजोबा कल्हई करायचे. तापल्या पातेल्यात नवसागर, कथील, कापसाचा बोळा, आणि क्षणात पातेलं उजळायचं.

श्रीरंग: कल्हईत कथील खरंच वितळतं, २३२ अंशांना. शिवाय 'मुलामा' म्हटलं की आत हलका माल असणार असं वाटतं.

रेहाना: तो अर्थ नंतर चिकटला, कारागिराचा नव्हे. आणि 'कल्हई' मलायातल्या केडाहच्या जुन्या नावावरून आली असंही एक मत आहे. कथील तिकडचंच.

दत्ता: हे नवीनच कळलं! 'कथील'चं मूळ काय मग?

मंजिरी: ते बघूच, पण माझं पान अडलंय. पुढच्या परिच्छेदात तांब्याची शाई आहे. हवेत तापवली तर ऑक्साइड होतं, म्हणून झेनॉनच्या दिव्याचा काही मिलिसेकंदांचा झोत देतात. एवढ्या वेळात भाजलं म्हणायचं की शेकलं?