चिऱ्याचं घर, चार वायफाय कॅमेरे आणि तुटणारं नेट

पडवीकर
नमस्कार मंडळी. घर संगमेश्वरजवळ, जुनं, चिऱ्याचं. फायबरचा ४० एमबीपीएसचा प्लॅन, अपलोड मात्र १०. राउटर माजघरात. खळ्यापर्यंत बिबट्या यायला लागला म्हणून पडवी, खळं, विहीर आणि गोठा असे चार वायफाय कॅमेरे लावले, २ मेगापिक्सेलचे. रात्रंदिवस क्लाउडवर रेकॉर्डिंग. तेव्हापासून वहिनी मीटिंगला बसली की तिचा आवाज तुटतो. स्पीडटेस्टला डाउनलोड ३८ येतं, अपलोड जेमतेम २. गोठ्यातला कॅमेरा तर मनाला येईल तेव्हा ऑफलाइन. दुकानदार म्हणतो मेश (घरभर ठेवायचे वायफायचे जोडडबे) घ्या, आई म्हणते कॅमेरेच काढा. काय करू?

ठाणेकर
प्लॅन १०० चा करून टाका. डोक्याचा ताप जाईल.

तारवाला
ठाणेकर, डाउनलोड ३८ येतंय, ते वाढवून काय हशील? कॅमेरा अपलोड खातो. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) साधारण २ एमबीपीएस घेतो. चौघांचे झाले ८. उरलेल्या दोनात वहिनींची मीटिंग.

त्यात गोठ्यातला कॅमेरा. सिग्नल कमजोर झाला की तो हळू बोलतो, तेवढाच डेटा पाठवायला जास्त वेळ वायफायची वाट अडवून ठेवतो. रेशनच्या रांगेत पुढचा माणूस चिल्लर मोजत बसला की मागचे सगळे ताटकळतात, तसं. आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६, ११. मेश लावलात तर त्याचे डबेही त्याच चिऱ्यातून एकमेकांशी बोलणार. भिंत काही पातळ होत नाही.

माझ्या मते तारेवर या. पीओई (नेटच्या केबलमधूनच वीज देणारे) पोर्ट असलेला एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, घ्या, प्रत्येक कॅमेऱ्याला एकच केबल, वीजही त्यातूनच. रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातून थेट एनव्हीआरच्या डिस्कवर जातं, राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. एनव्हीआरमधून एकच वायर राउटरला, ती फक्त मोबाइलवर बघण्यापुरती. तिथेही ॲपमध्ये सब-स्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं हलकं चित्र, ठेवा. ४ मेगापिक्सेलचे कॅमेरे एच.२६५ मध्ये (एच.२६४ पेक्षा जास्त दाबणारी पद्धत) २ एमबीपीएसवर ठेवले तर एकेक दिवसाला २१-२२ जीबी घेतो. २ टीबीच्या डिस्कमध्ये चौघांचे तीन आठवडे आरामात बसतात.

केबल कॅट ६, शुद्ध तांब्याची. स्वस्तातली बहुतेक सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर रीळ तिथेच ठेवून या. पीओईचा करंट तिच्यातून नेला की ती तापते आणि लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज पुरत नाही. मग रात्री आयआर दिवे (कॅमेऱ्याचे अंधारात बघायचे) लागले की कॅमेरा बंद पडतो आणि सगळे कॅमेऱ्याला शिव्या घालतात.

पडवीकर
समजलं. पण गोठा घरापासून ६० मीटर, मध्ये कलमं. शिवाय चिऱ्याला भोक पाडायचं म्हटलं की बाबा काठी घेऊन उभे.

तारवाला
बाबांचं बरोबर आहे, भोक नकोच. कौलांखालून वाशांवरून पाइपात घाला, नाहीतर उंदीर आठवडाभर टिकू देणार नाहीत. बाहेर जिथे केबल आत शिरते तिथे तिला थोडा खाली झोल द्या, म्हणजे पागोळीचं पाणी झोलावरून गळून जाईल, आत येणार नाही.

६० मीटर चालतात, मर्यादा १०० ची. पण गोठ्यापर्यंत तांबं नेऊ नका. जूनच्या आधीच्या गडगडाटात जवळपास वीज पडली की लांब तारेत झटका येतो आणि एनव्हीआरसकट सगळं घेऊन जातो. तिथे फायबर ओढा, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा. गोठ्यात दिव्याचं कनेक्शन असेलच, त्यावर तिकडचा कन्व्हर्टर आणि कॅमेऱ्याचा ॲडॅप्टर चालेल. खर्च थोडा वाढतो, पण मी तरी असंच करतो.

सामान येईपर्यंत सध्याचे कॅमेरे सततऐवजी हालचालीवर रेकॉर्ड करायला लावा. विहिरीकडचा माडाच्या झावळ्या हलल्या तरी जागा होईल, त्याला ॲपमध्ये झावळ्यांचा भाग वगळून द्या. वहिनींचा लॅपटॉप राउटरला केबलने जोडा.

सुरंगी
दोन गोष्टी माझ्याकडून. एनव्हीआर, राउटर आणि फायबरचा ओएनटी (बाहेरून आलेलं फायबर जोडतात तो डबा) तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या, पावसात लाइट जाते तेव्हाच कॅमेरा हवा असतो. दुसरं, बसवणारा माणूस पासवर्ड फॅक्टरीचाच ठेवून जातो. तो त्याच्यासमोरच बदला आणि राउटरमधलं यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद करा. बाहेरून कॅमेरे बघण्यासाठी स्वतः राउटरचे पोर्ट उघडायच्या भानगडीतही पडू नका. बऱ्याच घरगुती कनेक्शनला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून थेट पोचता येईल असा पत्ता) नसतो, त्यामुळे ते चालतही नाही.

पडवीकर
जुन्या चार कॅमेऱ्यांचं काय करू?

तारवाला
सेटिंगमध्ये ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि एनव्हीआर जुळवणारी सोय) दिसतंय का बघा. असेल तर पडवीतला, राउटरच्या सगळ्यात जवळचा, एनव्हीआरला जोडता येईल. त्यासाठी एनव्हीआर आठ चॅनलचा, म्हणजे आठ कॅमेऱ्यांचा, घ्या. बाकीचे विका.