कुलूप आहे, पण किल्ली कुठे?

फवारणीचं औषध, म्हणजे कीटकनाशक, चोरीला जाऊ नये म्हणून काय करावं, यावर एका दादांनी लिहिलंय, "वावरातल्या खोलीला कुलूप लावलं की झालं." अर्धंच पटलं. आमचं काटोलकडे संत्रा अन् कपाशीचं वावर. कुलूप होतंच, पण किल्ली चौकटीवरच्या खाचेत, साऱ्या गावाला ठाऊक! दोन वर्षांपूर्वी औषधाची एक लिटरची बाटली गेली. पैशाचं काही नाही, पण तिच्यावर लाल त्रिकोण होता, म्हणजे सर्वांत जहाल (त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा). ती कोणाच्या विहिरीत जाते की कोणाच्या पोटात, या धसक्याने कित्येक रात्री झोप नव्हती.

आता लोखंडी पेटी भिंतीला बोल्टने कसलीय, किल्ली माझ्याकडे नाहीतर बाबांकडे. किती काढलं, किती उरलं, ते वहीत लिहितो. कंटाळा येतो, पण त्याशिवाय चोरी झाल्याचं कळणार कसं? मुळात फवारणीपुरतंच आणा. स्वस्त मिळालं म्हणून पाच लिटर आणायचं अन् वर्षभर राखत बसायचं, कोणी सांगितलंय?

आणि रिकामे डबे! तीनदा खंगाळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग डब्याला भोकं पाडा. आमच्याकडचा एक मजूर असल्याच डब्यात गोडेतेल न्यायला निघाला होता.