मदत हवी आहे: मेकॅनिकल २०२४ बॅच, चाकणला सॉर्टिंग करतोय. अप्रेंटिसला जाऊ का?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसतं वाचत होतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी अमळनेरचा. २०२४ ला मेकॅनिकल झालो, ७.१ सीजीपीए, एक केटी (राहिलेला विषय) होती ती शेवटच्या वर्षी निघाली. कॅम्पसला आलेल्यांत मशीनशी संबंध असलेली एकही कंपनी नव्हती. विप्रोचा जन्म आमच्या गावचा (१९४५, वनस्पती तुपाचा कारखाना), आजोबांच्या काळातले शेअर सांभाळून बसलेली घरं आहेत गावात. आमच्या आजोबांनी त्या पैशात बैलजोडी घेतली. असो.

आठ महिन्यांपासून चाकणला थर्ड पार्टीवर आहे, सॉर्टिंगला. व्हेंडरचा माल कंपनीत रिजेक्ट झाला की परत न नेता तिथेच एकेक पार्ट तपासून चांगले-वाईट वेगळे करायचे, त्यासाठी आमच्यासारखी पोरं पुरवतात. हातात गो-नोगो गेज, शेजारी लाल ट्रे, बारा तास उभं. गेज आत गेलं तर इकडे, नाही गेलं तर तिकडे. पार्ट का बिघडला हे विचारलं तर लाइनचा सुपरवायझर म्हणतो, ‘तुला काय करायचंय, मोजणी सांग.’ ओव्हरटाइम धरून हातात १४,२०० येतात. कॉट बेसिस आणि मेस गेली की घरी पाठवायला तीन-चार हजार.

दुसरीकडे प्रयत्न चालूच आहेत. फ्रेशरच्या जागेला एक वर्षाचा अनुभव मागतात. दोन ठिकाणी तर एचआर सरळ म्हणाले, बीई नको, डिप्लोमावाला पाठवा, बीईवाला सहा महिन्यांत पळतो. माझ्या रूममेटने डिग्री लपवून नुसता डिप्लोमा दाखवला आणि लागला. मी बारावीनंतर गेलेलो, माझ्याकडे लपवायलाही डिप्लोमा नाही. एका कन्सल्टन्सीने ‘जॉइनिंग पक्कं’ म्हणून २५,००० मागितले, तिथून उठून आलो.

आखाजीला घरी गेलो तर मामांनी पुरणपोळी वाढायच्या आत पॅकेज विचारलं. वडील काही बोलत नाहीत, कापसाच्या भावाचं बोलतात. आई रोज फोनवर ‘जेवना का?’ एवढंच विचारते, आणि तेच जास्त लागतं.

आता समोर तीन वाटा. इथेच राहून वर्ष पूर्ण करायचं. नाहीतर भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र अशा ठिकाणी पदवीधर अप्रेंटिसची जाहिरात निघाली की भरायची. किंवा जळगाव एमआयडीसीत एका पाइप कारखान्यात ओळखीने ११,००० ची जागा आहे, तिथे घरून रेल्वेने ये-जा होईल. अप्रेंटिसनंतर पुन्हा फ्रेशरच धरतात का? कोणी केलंय का?

*

गेज_हरवलं: भाऊ, आधी एक सांग, पीएफ कापतात का? पासबुक उघडून रुजू झाल्याची तारीख बघ. पदवीधर अप्रेंटिसला एक वर्ष किंवा जास्त अनुभव असलेला घेत नाहीत. म्हणजे ‘वर्ष पूर्ण करून मग बघू’ म्हणशील तर तो दरवाजा बंद. तुझ्याकडे चार महिने आहेत. एनएटीएस (केंद्र सरकारची अप्रेंटिस योजना) पोर्टलवर नोंदणी आजच कर, जाहिरातीची वाट बघू नको. स्टायपेंड कमी वाटेल (२०१९ च्या नियमांत पदवीधराला किमान ९,००० होते), पण शेवटी अप्रेंटिस ट्रेनिंग बोर्डाचं प्रमाणपत्र मिळतं. कायम करतीलच असं मात्र धरून चालू नको, मला नव्हतं केलं. पुढच्या इंटरव्ह्यूत मेंटेनन्सवर बोलायला चार गोष्टी होत्या, एवढा फायदा झाला.

तापीकाठ: जळगावचं एवढ्या पटकन सोडू नका. मी पाइपच्या एक्स्ट्रूजनला (प्लास्टिक वितळवून साच्यातून पाइप काढतात तिथे) सहा वर्षं होतो. स्क्रू, बॅरल, हीटरचे झोन, डाय बदलणं, हे हाताखाली आलं तर खरं शिक्षण. पण ‘सुपरवायझर’ म्हणून डिस्पॅचला उभं करून ट्रक मोजायला लावले तर चाकण आणि जळगाव सारखंच. ओळखीने जाताय म्हणून विचारायला लाजू नका: कोणतं डिपार्टमेंट, मशीन चालवायला देणार का, आणि नेमणूक पत्र देणार का.

गेज_हरवलं: काकांचं बरोबर आहे. फक्त तिथेही पगारपत्रकावर गेलास की अनुभवाचं घड्याळ चालूच राहील.

धागाकर्ता: दोघांचे आभार. पासबुक काढलं, त्यात पाचच महिने दिसतात. पहिले तीन महिने कापलेच नाहीत की भरलेच नाहीत, कोणास ठाऊक. स्लिपा शोधतो आहे. फॉर्मवर मात्र खरे आठच लिहीन. एनएटीएसची नोंदणी काल नाइटच्या जेवणाच्या सुट्टीत केली, फोटो दोनदा नाकारला. रविवारी सुट्टी टाकून गावी येतोय, सोमवारी जळगावच्या कारखान्यात जाऊन काकांचे तीन प्रश्न विचारतो. काका, मशीन दाखवायला नेलं तर त्यांना आधी काय विचारू, म्हणजे नुसता आलो-गेलो असं वाटणार नाही?