शिवपंचायतन मांडताना ईशान्य नेमकी कुठली धरायची?

इंदिरानगर_नाशिक:
घरच्या देवांत बाणलिंग (नर्मदेतला लिंगाकार दगड), गणपती, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा आहेत. आजवर सगळे एका ओळीत असत. आता महादेव मुख्य धरून रीतसर शिवपंचायतन, म्हणजे मध्ये शिव आणि चार कोपऱ्यांना विष्णू, सूर्य, गणपती, देवी, असं मांडायचं आहे. देव्हारा पूर्वेच्या भिंतीला, म्हणजे पूजेला बसणाऱ्याचं तोंड पूर्वेकडे. सूर्याची मूर्ती नाही. दोन पोथ्यांतल्या आकृत्या एकमेकींच्या नेमक्या उलट निघाल्या: एकीत विष्णू पलीकडे डावीकडे, दुसरीत अलीकडे उजवीकडे. कोणती धरू? पाचही देवांना एकाच ताम्हनात अभिषेक चालतो का? वणीच्या देवीचा आणि खंडोबाचा टाक (धातूच्या पत्र्यावर उठवलेली प्रतिमा) कुठे ठेवावा?

गोदाकाठ:
दोन्ही आकृत्या बरोबर आहेत. फरक पूर्व कुठली मानली याचा आहे.

मांडणी पक्की ठरलेली आहे. शिव मध्ये असेल तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैर्ऋत्येला गणपती, वायव्येला देवी. मधला देव बदलला की कोपरेही बदलतात. विष्णुपंचायतनात ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैर्ऋत्येला सूर्य आणि वायव्येला देवी. म्हणून नुसती मधली मूर्ती उचलून दुसरी ठेवली, असं करता येत नाही.

आता दिशा. पूजेच्या शास्त्रात पूज्य आणि पूजक यांच्या मधली जागा हीच पूर्व मानण्याचा संकेत आहे, मग खरी दिशा कोणतीही असो. तसं धरलं तर तुमच्या उजव्या हाताला उत्तर येते: विष्णू अलीकडे उजवीकडे, सूर्य अलीकडे डावीकडे, गणपती पलीकडे डावीकडे, देवी पलीकडे उजवीकडे. होकायंत्राची दिशा धरली तर तुमच्या देव्हाऱ्यात हे सगळं तिरकं उलटतं आणि विष्णू पलीकडे डावीकडे जातो. देवाचं तोंड पूर्वेकडे असेल तिथे दोन्ही मतांची मांडणी एकच येते. सिन्नरच्या गोंदेश्वराचं तसंच आहे. मधलं शिवमंदिर पूर्वाभिमुख आणि त्याच जोत्यावर चार कोपऱ्यांना विष्णू, गणेश, पार्वती, सूर्य यांची छोटी मंदिरं. यादवकाळातलं पंचायतन इतकं स्पष्ट बघायला मिळतं, तेही नाशिकपासून तासाभराच्या आत. एकदा सावकाश फिरून बघाच.

गडबड बहुतेक शाळुंकेपाशी, म्हणजे लिंगाच्या बैठकीपाशी होते. शाळुंकेची पन्हळ, म्हणजे पाणी वाहून जायची वाट, उत्तरेला हवी. ती होकायंत्राच्या उत्तरेला ठेवायची आणि बाकीचे चार देव संकेताच्या दिशेने, असं केलं की मांडणी विसंगत होते. एकच उत्तर धरा. संकेत धरलात तर पन्हळ उजवीकडे. होकायंत्र धरलंत तर, पूर्वेकडे तोंड असल्याने, डावीकडे. घराण्याचे उपाध्याय असतील तर ते सांगतील ती रीत घ्या आणि मग ती बदलू नका.

सिन्नरवेस:
वर दिशांचं आलंच आहे, मी वस्तूंचं सांगतो.

पारंपरिक पंचायतनात शिवाचं नर्मदेतलं बाणलिंग, विष्णूचा गंडकीतला शाळिग्राम, गणपतीचा शोण नदीतला तांबडा पाषाण, सूर्याचा स्फटिक आणि देवीची सुवर्णमुखी असते. तुमच्याकडे मूर्ती आहेत, त्याही चालतात. बाळकृष्ण विष्णूच्या जागी, अन्नपूर्णा देवीच्या जागी. सूर्यासाठी स्फटिक किंवा लहान पितळी सूर्य घ्या. सुवर्णमुखी मुद्दाम आणू नका. तो लोह आणि गंधकाचा खनिज दगड आहे. रोजच्या पाण्याने आणि पंचामृताने तो झडतो, ताम्हनात गंजाचे डाग उतरतात. अन्नपूर्णा आहे, तीच उत्तम.

घरातल्या मूर्तीची उंची अंगठ्याच्या पेरापासून वितीपर्यंत सांगितली आहे. रोजच्या पूजेला दीड-दोन इंची मूर्ती सोयीच्या पडतात. बाणलिंग असताना दुसरं लिंग शेजारी ठेवू नये.

ताम्हन एकच चालतं. पंचामृत मात्र तांब्याच्या भांड्यात कालवू नका. दह्याच्या आंबटपणाने तांबं उतरतं आणि ते तीर्थात जातं. चांदीची किंवा स्टीलची वाटी घ्या. रोजच्याला दूध चार चमचे, दही दोन, तूप अर्धा, मध एक, साखर एक पुरे. मध आणि तूप समप्रमाणात घेत नाहीत. क्रमही हाच, आणि प्रत्येकानंतर शुद्ध पाणी. शेवटी साखर हलकेच चोळली की तुपाचा ओशटपणा निघतो. त्यानंतरचं उष्णोदक कोमटच असू द्या; कढत पाण्याने स्फटिकाला तडा जाऊ शकतो.

पानं-फुलं अभिषेक चालू असताना ताम्हनात टाकू नका, एकाची पानं दुसऱ्यावर जातात. देव पुसून जागेवर ठेवल्यावर ज्याचं त्याला वाहा: शिवाला बेल (पालथा), विष्णूला तुळस, गणपतीला दूर्वा. गणपतीला तुळस नाही, देवीला दूर्वा नाहीत, सूर्याला बेल नाही, विष्णूला अक्षता नाहीत.

टाक पंचायतनात मोजायचे नाहीत. मागे वेगळ्या पाटावर किंवा वरच्या पायरीवर ठेवा. कुळाचार त्यांचा, नैवेद्य त्यांनाही.

इंदिरानगर_नाशिक:
मनापासून आभार. अजून एक. शिवावरचं तीर्थ घेऊ नये असं ऐकलं आहे. मग पंचायतनाचं घ्यायचं की नाही?

गोदाकाठ:
निःशंक घ्या. बाणलिंगाच्या निर्माल्याला, म्हणजे त्यावरून उतरलेल्या पाण्या-फुलांना, तो निषेध लागत नाही. शाळिग्रामाच्या स्पर्शानेही तो उरत नाही, म्हणून जमलं तर बाळकृष्णाशेजारी एक लहानसा शाळिग्राम ठेवा.

रोज सोळा ऋचांच्या पुरुषसूक्ताने पाचही देवांची पूजा एकत्र होते. 'यत्पुरुषेण' या सहाव्या ऋचेला स्नान, 'यज्ञेन यज्ञम्' या सोळाव्या ऋचेला मंत्रपुष्प. सोमवारी, प्रदोषाला रुद्र (शिवाचं वैदिक स्तोत्र) म्हणा. सूक्त येत नसेल तर 'श्रीशिवपंचायतनदेवताभ्यो नमः' हे नाममंत्र प्रत्येक उपचाराला म्हटलं तरी पूजा पूर्ण आहे.

आणि महादेव मध्ये आहे म्हणून बाकीचे चार दुय्यम समजू नका. परमेश्वर एकच. तुमची निष्ठा ज्या रूपावर, ते मध्ये येतं आणि त्याचीच बाकीची रूपं भोवती बसतात. म्हणून गंध चौघांनाही तितक्याच मनाने लावा. घाईच्या दिवशी महादेवाला सगळे उपचार आणि इतरांवर नुसतं पाणी, असं करण्यापेक्षा पाचही जणांना गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य हे पाचच उपचार करावेत.