रंध्र, छिद्र की भोक?

कानस: एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक केलेल्या पोलादात (कडकपणा 60 रॉकवेल) स्पार्कने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, 0.2 मिमीची भोकं पाडायची आहेत. मी 'सूक्ष्मरंध्रे' लिहिलं. तपासणाऱ्या साहेबांचा लाल शेरा: "रंध्र म्हणजे ओतकामातला दोष. असा माल आम्ही परत पाठवतो." मग काय लिहू?

अनुस्वार: छिद्र. भोक छापलेलं बरं दिसत नाही.

लेथवाला: बोलताना भोक चालतं, छापताना एवढं सोवळं? साहेब बरोबर आहेत. रंध्र आपसूक राहतं, भोक पाडावं लागतं.

मोरपीस: 'वेज' कुणालाच कसा आठवला नाही? मोत्याला वेज पाडतात. 'वेध'वरून आलाय. मोतीही कठीण, भोकही बारीक.

लेथवाला: मोती कसला कठीण? कठीणपणाच्या मोह्स मापावर जेमतेम अडीच ते साडेचार. 0.2चं ड्रिल या पोलादात घालून बघा, टोक आतच मोडून राहील. म्हणून तर स्पार्क लावतात.

अनुस्वार: आधी ते 'पाणी दिलेलं' काढा. हल्ली निर्वात भट्टीत नायट्रोजनच्या झोताने थंड करतात, पाण्याचा थेंब नसतो. 'कठिणीकृत' लिहा.

लेथवाला: तेलात बुडवत तेव्हाही पाणी देणंच म्हणत. पाणीदार माणसाला कुणी बादलीत बुडवून काढतं का?

कानस: अहो, भोकाचं बोला! पुढच्याच वाक्यात टंगस्टन कार्बाइड आहे, त्याला पाणी देतच नाहीत. भुकटी दाबून भट्टीत भाजली की झालं. दोन्हींना चालेल असं काहीतरी हवंय. आणि क्रियापद? 'कापणे' म्हणावं तर इलेक्ट्रोड (ठिणगी सोडणारं टोक) जॉबला, म्हणजे भोक पाडायच्या तुकड्याला, टेकतच नाही.

लेथवाला: स्पार्क 'खातो' म्हणा, शॉपवर तेच म्हणतात. मधे डायइलेक्ट्रिक, म्हणजे एरवी वीज वाहू न देणारा द्रव, त्यातून ठिणग्या उडतात, धातू वितळून निघतो. ठिणगीला कडकपणाशी काय देणंघेणं, 30 रॉकवेल असो की 60. फक्त भोक इलेक्ट्रोडपेक्षा थोडं मोठंच येतं, आणि कडेला वितळून पुन्हा थिजलेला पांढरा थर राहतो. इलेक्ट्रोडही खाल्ला जातोच म्हणा.

अनुस्वार: पुस्तिकेत 'खातो'? 'विद्युत क्षरण' म्हणा.

मोरपीस: क्षरण वाचून लोक गंज शोधत बसतील. बरं, 'पाणी उतरणं' सुरीचं आधी की चेहऱ्याचं?

लेथवाला: सुरीचं. ग्राइंडिंगला धार निळी पडली की पाणी गेलं.

अनुस्वार: दोन्ही नाही. मोत्याचं.