मदत हवी आहे: ४० गुणांनी पुढे असताना मुलींना काय सांगू?
मी शाळेतल्या १७ वर्षांखालील मुलींना बास्केटबॉल शिकवते. परवा मध्यंतरालाच आम्ही ४० गुणांनी पुढे होतो. फुल कोर्ट प्रेस (पूर्ण मैदानभर समोरच्यांना अडवत दबाव टाकणं) थांबवला, बाकावरच्या मुली उतरवल्या, तरी समोरच्या मुली रडवेल्या झाल्या. आपल्या मुलींना ‘बास्केट करू नका’ म्हणणं मला पटत नाही, त्यात समोरच्यांचा जास्त अपमान आहे. पण २००९ मध्ये टेक्ससमध्ये शालेय मुलींचा सामना १००-० असा संपला, तेव्हा जिंकलेल्या शाळेनेच माफी मागितली आणि ती माफी न पटलेल्या प्रशिक्षकाला काढलं, हे डोक्यातून जात नाही. इकडे पालक म्हणतात, साखळीत गुणफरक लागेल, थांबू नका.

शाळेत खेळ शिकवणाऱ्यांनो, तुम्ही अशा वेळी नेमकं काय करता? शॉटआधी ५ पास सक्तीचे केले तर चालेल का?