कॅसेटची बी बाजू दबकी येते, मदत हवी आहे

दर रविवारी गटात एक आवडतं गाणं आणि त्यामागची आठवण टाकायची आहे. गाणी रेडिओवरून टेप केलेल्या सी-९० (९० मिनिटांच्या) कॅसेटवर आहेत. मध्येमध्ये निवेदकाचा आवाज आहे आणि आठवण तर त्यातच आहे, म्हणून नेटवरची स्वच्छ प्रत नको.

डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी इंटरफेस, तिथून संगणकावर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, पातळी उणे ६ डेसिबलच्या आत. फीत वाचणारं हेड आणि फीत ओढणारा कॅपस्टन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेत. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद.

ए बाजू छान. बी बाजूला झांजा, बासरी, 'स'चा उच्चार, सगळं गोधडीखालून आल्यासारखं. हेडचा अ‍ॅझिमथ स्क्रू (फितीशी हेडचा कोन ठरवणारा) किंचित फिरवला की बी खुलते, ए दबकी होते. प्रेशर पॅड (फीत हेडवर दाबणारी छोटी गादी) दोन्ही बाजूंना एकच, म्हणजे दोष बहुधा त्याचा नाही. शंका कवचावर, म्हणजे कॅसेटच्या प्लास्टिकच्या खोक्यावर आहे.

आता फीत स्क्रूवाल्या दुसऱ्या कवचात हलवू, की प्रत्येक बाजूला अ‍ॅझिमथ वेगळा लावून रेकॉर्ड करू? सी-९०ची फीत सी-६०पेक्षा पातळ, हाताळताना सुरकुतते. कोणी हलवली असेल तर रोलर आणि घसरपट्ट्या (गुंडाळ्या आणि कवच यांच्यामधले पातळ थर) जुन्याच ठेवल्या का?